मदत हवी आहे: ६५०९ मधलं दुसरं सुपरवायझर कार्ड 'स्टँडबाय कोल्ड'वरच थांबलंय

नमस्कार मंडळी,

लातूरच्या एका रुग्णालयाचं नेटवर्क मी बघतो. कोअरला, म्हणजे सगळं नेटवर्क जिथे येऊन मिळतं तिथे, सिस्कोचा कॅटॅलिस्ट ६५०९-ई स्विच (कार्डं बसवायचा चॅसिस) आहे, पाच नंबरच्या स्लॉटमध्ये सुप ७२०-३बी हे सुपरवायझर कार्ड, म्हणजे स्विचचा मेंदू. केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, सीटीच्या इमेज, सगळा भार त्या एका कार्डावर. म्हणून बराच पाठपुरावा करून तसंच दुसरं कार्ड मंजूर करून घेतलं, वापरलेलं आहे पण चांगलं आहे, आणि सहा नंबरला बसवलं.

स्टेटसचा दिवा हिरवा लागला, अ‍ॅक्टिव्हचा केशरी. स्टँडबाय कार्डाचा तो केशरीच असतो, त्यामुळे समोरून बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण 'शो रिडंडन्सी' दिलं की कॉन्फिगर केलेला मोड एसएसओ (दुसरं कार्ड पूर्ण तयार, लगेच ताबा घेणारं) आणि प्रत्यक्षात चालू असलेला आरपीआर (दुसरं कार्ड अर्धवट बूट होऊन थांबलेलं, म्हणजेच 'स्टँडबाय कोल्ड') दिसतो. 'शो मॉड्यूल'मध्ये जुन्या कार्डावर सॉफ्टवेअर १२.२(३३)एसएक्सजे आहे, नव्यावर १२.२(१८)एसएक्सएफ. कारण हेच असावं.

आता पाच नंबरचं कार्ड गेलं तर सहा नंबरचं अर्धवट बूट झालेल्या अवस्थेतून उठणार आणि सगळी लाईन कार्डं (केबल जोडायच्या पोर्टची कार्डं) रिसेट होणार, म्हणजे दोन ते चार मिनिटं सगळं बंद. एसएसओमध्ये हाच बदल तीन सेकंदांच्या आत होतो. औसा-निलंग्याहून रात्री आणलेला अपघाताचा पेशंट टेबलावर आहे आणि सर्जन सीटीची इमेज उघडायला बसलेत, अशा वेळी ती चार मिनिटं फार मोठी आहेत. पैसे खर्च करून कार्ड आणलंय, ते खरंच उपयोगी पडावं एवढीच धडपड आहे.

ओपीडी चालू असताना फक्त नव्या कार्डाची इमेज (त्यावरची सॉफ्टवेअरची फाईल) बदलून तेवढंच रीलोड केलं तर चालू ट्रॅफिकला धक्का लागतो का? दुसरं म्हणजे थिएटरच्या इमारतीकडे जाणाऱ्या दोन फायबर आहेत. त्यातली एक ५/१ (पाच नंबरच्या कार्डाचा पहिला पोर्ट) आणि एक ६/१ वर घेऊन इथरचॅनेल (दोन लिंक मिळून एक) करावा म्हणतोय, कारण स्टँडबाय कार्डाचे पोर्टही चालू असतात. हे शहाणपणाचं आहे का? फायरवॉलशी ओएसपीएफ (एकमेकांकडून रूट शिकण्याचा प्रोटोकॉल) आहे, त्याचं काय करावं तेही सांगा.

प्रतिसाद १

दादा, निदान बरोबर आहे. दोन्हीकडे एकच इमेज नसली की स्विच आरपीआरवरच उतरतो. पण आधी नव्या कार्डाची मेमरी आणि बूटफ्लॅश (इमेज साठवायची आतली जागा) बघा. जुन्या सुप ७२० वर बूटफ्लॅश ६४ एमबीचाच येतो, एसएक्सजे त्यात मावणार नाही. तसं असेल तर दोन्ही कार्डांच्या डिस्क० खाचेत कॉम्पॅक्ट फ्लॅश (छोटं मेमरी कार्ड) घाला, फाईल त्याच नावानं दोन्हीकडे ठेवा आणि बूट सिस्टीमची ओळ (कुठली फाईल उचलायची ते सांगणारी) त्याप्रमाणे बदलून सेव्ह करा. अ‍ॅक्टिव्ह कार्ड आपलं बूट सेटिंग स्टँडबायवर पाठवतं. त्या नावाची फाईल तिथे नसेल तर ते भलतीच इमेज उचलतं, नाहीतर रॉममॉनमध्ये (इमेज न मिळाल्यावर उरणारा प्राथमिक मोड) जाऊन बसतं.

मग 'रिडंडन्सी रीलोड पिअर', म्हणजे फक्त स्टँडबाय कार्ड रीलोड. चालू कार्ड काम करत राहतं, पण ६/१ आणि ६/२ त्या वेळात बंद पडतात, म्हणून फायबर हे सगळं उरकल्यावरच हलवा.

धागाकर्ता

सर, बघितलं. ६४ एमबीच आहे! दोन कॉम्पॅक्ट फ्लॅश मागवतो. फायबर तोवर आहे तिथेच.

प्रतिसाद २

फायबर विभागायची कल्पना चांगली आहे, पण एक पाय सुपरवायझरवर आणि दुसरा लाईन कार्डावर ठेवा. मग कुठलंही कार्ड काढलं तरी एक लिंक उरते. ओएसपीएफच्या प्रोसेसखाली 'एनएसएफ' (कार्ड बदललं तरी ट्रॅफिक चालू ठेवणारी सोय) टाका आणि फायरवॉलला ग्रेसफुल रीस्टार्ट (तेवढा वेळ संबंध न तोडता थांबणं) कळतो का ते तपासा. त्याला कळत नसेल तर एसएसओ असूनही शेजारसंबंध तुटतो आणि रूट परत शिकावे लागतात.

दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर असतील तर तेही वेगळे करा. 'शो पॉवर'मध्ये मोड रिडंडंट (एक गेला तरी दुसरा पुरतो) दिसला पाहिजे, कंबाइंड (दोघांची ताकद एकत्र) नको.

'स्टँडबाय हॉट' (म्हणजे एसएसओ लागू झालं) दिसल्यावर एखाद्या रात्री सीटी विभागाला आणि थिएटरला आधी कळवून 'रिडंडन्सी फोर्स-स्विचओव्हर' (मुद्दाम दुसऱ्या कार्डाकडे ताबा देणं) करून बघा. लॅपटॉप सहा नंबरच्या कन्सोलला जोडून बसा, कारण त्यानंतर अ‍ॅक्टिव्ह तेच असणार.