शब्दचर्चा : ‘लवचिक’ टक्कर की ‘स्थितिस्थापक’ टक्कर?

प्रश्नकर्ता, परभणी : अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राची मराठीत टिपणे तयार करताना एका शब्दावर अडलो आहे. ज्या टकरीत एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि एकूण गतिज ऊर्जा (गतीमुळे असलेली ऊर्जा) या दोन्ही राशी कायम राहतात, तिला कोणी ‘लवचिक’ म्हणतात, कोणी ‘स्थितिस्थापक’, तर कोणी ‘प्रत्यास्थ’. मुलांना पहिला शब्द सोपा वाटतो. तोच ठेवावा काय?

प्रतिसाद, अंबाजोगाई : माझ्या मते ठेवू नये. व्यवहारात लवचिक म्हणजे सहज वाकणारे, दाबले की दबणारे; दबलेली वस्तू मूळ आकारात परत येते की नाही, हे त्या शब्दातून कळत नाही. आपल्याकडची ओली काळी माती हाताने हवी तशी वळते, पण तिचे दोन गोळे एकमेकांवर आदळले तर चिकटून बसतात. म्हणजेच ती टक्कर पूर्णपणे अस्थितिस्थापक ठरते. उलट पोलादाच्या गोळ्यांना लवचिक म्हणायला कोणी धजावणार नाही, तरीही त्यांची टक्कर आदर्श स्थितीच्या बरीच जवळ जाते, कारण आदळताना किंचित दबलेले पोलाद लगेच पूर्वस्थितीला येते आणि दबण्यात साठलेली बहुतेक ऊर्जा गतीला परत करते. ‘प्रत्यास्थ’ अर्थाने निर्दोष आहे. वर्गात मात्र तो फार काळ टिकेल असे वाटत नाही.

प्रतिसाद, लातूर : ‘स्थितिस्थापक’ला माझेही अनुमोदन. त्याबरोबर एक उदाहरण द्यावे. 2 किलोग्रॅमचा गोळा सेकंदाला 3 मीटर वेगाने 1 किलोग्रॅमच्या स्थिर गोळ्यावर समोरासमोर आदळला, तर आरंभीचा संवेग 6 एकक आणि गतिज ऊर्जा 9 ज्यूल असते. टक्कर स्थितिस्थापक असेल तर पहिला गोळा 1 आणि दुसरा 4 मीटर वेगाने पुढे जातो, आणि दोन्ही बेरजा जशाच्या तशा राहतात. गोळे चिकटले तर जोडगोळीचा वेग 2 मीटर होतो. संवेग 6 राहतो, पण गतिज ऊर्जा 6 ज्यूलच उरते. या 3 ज्यूलबद्दल ‘ऊर्जा नष्ट झाली’ असे लिहिण्याची पद्धत मला खटकते, कारण ती उष्णता, ध्वनी आणि आकारातील कायमचा बदल यांत गेलेली असते. ‘गतिज ऊर्जा घटली’ एवढेच लिहावे.

बोलताना आपण संवेग, ऊर्जा आणि बल या तिन्हींना ‘जोर’ म्हणतो, त्यामुळे मुलांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. युरोपातही हा वाद रंगला होता : फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1644 मध्ये वस्तुमान आणि वेग यांचा दिशारहित गुणाकार कायम राहतो असे मांडले, तर जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने 1686 मध्ये वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा पक्ष घेतला.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. ‘स्थितिस्थापक’ निश्चित केला. एक शंका उरते : मातीचा गोळा जमिनीवर पडून जागीच थांबला, तर त्याचा संवेग कोठे गेला?

प्रतिसाद, अंबाजोगाई : पृथ्वीकडे. तिचे वस्तुमान इतके प्रचंड आहे की तिच्या वेगात पडलेला फरक मोजता येत नाही. एकट्या गोळ्याचा विचार केला तर जमिनीने लावलेले बल त्याच्या दृष्टीने बाह्य ठरते. म्हणून टिपणांत ‘संवेग अक्षय्य राहतो’ या वाक्याआधी ‘बाह्य बल कार्यरत नसताना’ हे शब्द गाळू नयेत.