गुरुपरंपरेचा दाखला नेमका कशासाठी पाहावा?

गंगापूररोडवासी:
नमस्कार. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला पारंपरिक युद्धकला शिकायची आहे. नाशिकमध्ये चौकशी केल्यावर दोन वर्ग समोर आले. पंचवटीत मर्दानी खेळ शिकवणारे एक वस्ताद आपली परंपरा थेट शिवकाळापर्यंत जाते असे सांगतात, तर कॉलेज रोडवरील कराटेच्या वर्गात जपानी गुरूंपासून सध्याच्या शिक्षकांपर्यंतची नामावळी चौकटीत लावलेली आहे. या नामावळीचा मुलीच्या शिक्षणावर प्रत्यक्ष परिणाम होतो, की ती केवळ प्रतिष्ठेची बाब आहे? परिणाम होत असेल, तर माझ्यासारख्या अनभिज्ञ पालकाने ती तपासावी कशी?

जुना तालीमकर:
परंपरा किती जुनी आहे, हा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारीन. आपल्या जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या मल्लखांबाचेच पाहा. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. तरीही आजचे मल्लखांबपटू आपले मूळ सांगतात ते दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपर्यंत, आणि मधल्या शतकांतील गुरूंची नावे सांगण्याचा आग्रह कोणी धरत नाही. दादांनी सप्तशृंगगडावर उपासना केली व तेथे त्यांना मारुतीचा दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका आहे. ती ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. विद्या टिकली, ती मात्र दादांनी शिष्य घडवले आणि त्यांपैकी कोंडभट गोडबोले यांनी ती काशीपर्यंत नेली म्हणून.

मर्दानी खेळांच्या बाबतीत शिवकाळापर्यंत अखंड नामावळी सिद्ध करणे फारच अवघड आहे. इंग्रजी अमलात, विशेषतः १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर, शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले आणि दांडपट्टा, लाठी, बोथाटी ही विद्या मुख्यतः तालमींत व उत्सवांतील प्रात्यक्षिकांत उरली. तेथे लेखी नोंदी ठेवण्याची पद्धत फारशी नव्हती. म्हणून तसा दावा करणारा माणूस खोटे बोलतो असे मी म्हणणार नाही; बहुधा त्याने तो आपल्या वस्तादांकडून जसा ऐकला तसाच पुढे सांगितलेला असतो.

माझ्या मते परंपरा उभी पाहण्याऐवजी आडवी पाहावी. वस्तादांचे वस्ताद कोण होते, त्यांच्याजवळ किती वर्षे राहून शिकले आणि त्यांचे गुरुबंधू आज कोठे शिकवतात, हे विचारावे. तीनशे वर्षांपूर्वीच्या नावाची खातरजमा कोणालाच करता येत नाही, पण गुरुबंधू हयात असतात, ते एकमेकांचे हात ओळखतात आणि कोणी मनाने काही घुसडले, तर ते लगेच बोलून दाखवतात. ज्याला एकही गुरुबंधू नाही, किंवा ज्याचे सर्वच गुरुबंधूंशी फाटले आहे, त्याच्याकडे मुलीला पाठवण्यापूर्वी मी दोनदा विचार करीन.

काता आणि कुमिते:
कराटेच्या वर्गाविषयी थोडे लिहितो. भिंतीवरील नामावळी आणि कमरेचा पट्टा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘दान’ म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणी; ही पद्धत ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनी १८८० च्या दशकात रूढ केली आणि कराटेचे गुरू फुनाकोशी गिचिन यांनी १९२४ मध्ये ती कराटेत आणली. जपानमधील त्याआधीच्या संप्रदायांत गुरू टप्प्याटप्प्याने लेखी परवाना देत असे आणि संपूर्ण विद्या दिल्यावर ‘मेंक्यो काइदेन’ हा अंतिम परवाना मिळे. आज पट्ट्याचे प्रमाणपत्र संघटना देते. ते खरे असले तरी विद्यार्थी कोणाच्या हाताखाली घडला, हे त्यावरून कळेलच असे नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. जपानी तलवारविद्येच्या जुन्या संप्रदायांत जोडीने करायच्या कातांमध्ये, म्हणजे आधी ठरलेल्या डावांच्या क्रमांमध्ये, हरणारी बाजू शिष्याकडे नसते, ती शिक्षक स्वतः घेतो. शिष्याच्या तयारीनुसार तो हल्ल्याचा वेग व अंतर किंचित वाढवत नेतो आणि शिष्याला योग्य क्षणी पुढे यायला भाग पाडतो. हे अंतर आणि हा क्षण पुस्तकातून किंवा चित्रफितीतून उचलता येत नाही. ज्याच्यासमोर कधीकाळी त्याचा गुरू असाच उभा राहिला होता, त्यालाच ते दुसऱ्याला देता येते. नामावळीचा शिक्षणावर होणारा परिणाम मला तरी एवढाच दिसतो, आणि तो लहान नाही.

परंपरा म्हणजे बदलास मज्जाव, असेही मानू नये. कानो यांनी तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन जुन्या संप्रदायांत रीतसर शिक्षण घेतले आणि त्यांतील धोकादायक डाव मुक्त सरावातून वगळून ज्यूदो उभा केला. काय काढून टाकायचे हे ठरवण्याइतके त्यांना ते आतून ठाऊक होते.

सिडकोतील पालक:
वरील दोन्ही उत्तरे पटली, तरी एक गोष्ट राहून गेली आहे. नामावळीत कोणाचेही नाव असो, आपल्या मुलीच्या समोर रोज संध्याकाळी कोण उभे राहणार, ते आधी विचारा. नावाजलेले शिक्षक महिन्यातून एकदा येतात आणि एरवी वर्ग एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी घेतो, हा अनुभव आम्ही घेतला आहे. शिवाय ज्या परंपरेतील साठीचे सगळे गुरू गुडघे धरून जिना उतरतात, तेथे सराव कसा करून घेतात याची चौकशी अकरा वर्षांच्या मुलीच्या पालकांनी अवश्य करावी.

गंगापूररोडवासी:
सर्वांचे आभार. या आठवड्यात दोन्ही ठिकाणी जाऊन येतो. गुरुबंधूंविषयी विचारल्यास पंचवटीतील वस्तादांना तो अविश्वास वाटणार नाही ना, एवढीच शंका आहे.

जुना तालीमकर:
चौकशीच्या सुरात विचारलेत, तर वाटेल. त्याऐवजी, “आपण कोणाकडे शिकलात?” एवढेच विचारून थांबा. आपल्या वस्तादांविषयी बोलायला जाणत्या माणसाला मनापासून आवडते, आणि त्या ओघात गुरुबंधूंची नावे न विचारता येतात. फक्त वर्ग चालू असताना विचारू नका. मुले घरी गेल्यावर विचारा.