स्पेनचे खेळाडू राष्ट्रगीत का म्हणत नाहीत? आणि स्पॅनिश म्हणजे नेमके कोण?

धरमपेठचा_गोलकीपर

काल मित्राकडे युरो २०२४ ची फायनल पुन्हा लावून पाहून राहिलो होतो. मॅचआधी राष्ट्रगीतं झाली. इंग्लंडवाले छाती काढून गात होते, स्पेनचा मात्र एकही जण गाताना दिसला नाही. एक मित्र म्हणे, "ह्यांच्यात देशप्रेमच नाही बे, अर्धे कॅटलान, उरलेले बास्क." म्हणजे स्वतःची वेगळी भाषा असलेल्या प्रदेशांतले. दुसऱ्याचं निराळंच. लामिन यमालचा बाप मोरोक्कोचा, निको विल्यम्सचे आईबाप घानाचे, लापोर्त तर जन्मला फ्रान्समध्ये, मग हे कसले स्पॅनिश? तर्री-पोहे संपले, वाद काही संपला नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा. एक वंश, एक भाषा असं काही आहे का यांचं? शाळेत आपण कोलंबस जहाजात बसला की स्पेनला सोडून दिलं.

सक्करदरा_एक्सप्रेस

राष्ट्रगीताला शब्दच नाहीत भाऊ. गातील काय, डोंबल?

पवनचक्कीवाला

एक्सप्रेस बरोबर बोलले. 'मार्चा रेआल' हे त्यांचं राष्ट्रगीत, मुळात फौजेची चाल, १७६१ च्या लष्करी कागदपत्रांत ती सापडते. शब्द घालायचे प्रयत्न झाले. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात पेमान नावाच्या कवीचे शब्द म्हणत असत, म्हणून पुढे ते कोणालाच नको झाले. २००८ साली तिथल्या ऑलिंपिक समितीनं स्पर्धा घेऊन नवे शब्द निवडले. वर्तमानपत्रांत छापून आले, आठवडाभरात एवढी टर उडाली की समितीनं गपचूप मागे घेतले. सगळ्यांना चालतील अशा चार ओळीही जमेनात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं यातच आहे.

आता मूळ मुद्दा. पवनचक्क्यांच्या कामासाठी मी उत्तर स्पेनमधल्या नावारा प्रांतात, पाम्प्लोना गावी बरीच वर्षं काढली. निको विल्यम्स तिथलाच, त्याच गावात जन्मलेला. त्याचा सख्खा मोठा भाऊ इन्याकी बिल्बाओत जन्मला आणि घानाकडून वर्ल्डकप खेळला. दोघं भाऊ अ‍ॅथलेटिक बिल्बाओचे, आणि हा क्लब बास्क मुलखात जन्मलेल्या किंवा तिथं खेळ शिकलेल्या पोरांनाच घेतो. म्हणजे एका घरात स्पेन, घाना आणि बास्क तिन्ही, आणि त्यांच्या घरी याचं कोणाला काही वाटत असेल असं दिसत नाही. वाटतं ते आपल्यालाच.

आमची घरमालकीणबाई सत्तरीची. पहिल्याच आठवड्यात मी भोळेपणानं विचारलं, तुम्ही बास्क की स्पॅनिश? कपड्यांना इस्त्री करता करता म्हणाली, "मी ताफायाची." ताफाया म्हणजे पाम्प्लोनाच्या दक्षिणेचं छोटं गाव. बरं, मग? "मग नावाराची." मग? "मग स्पॅनिश, सरकारला विचारशील तर." बाईला बास्क भाषेचा एक शब्द येत नव्हता, आणि नातू मात्र बास्क माध्यमाच्या शाळेत. तिच्या रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत. त्याच राज्यात थोडं दक्षिणेला गेलं की पाटी एकाच भाषेत, कारण १९८६ च्या कायद्यानं नावाराचे भाषेप्रमाणे तीन पट्टे पाडलेत.

ही काही तिचीच तऱ्हा नव्हे. स्पेनमध्ये जनमत चाचणी घेतात तेव्हा "तुम्ही कोण" याला पाच पर्याय असतात: फक्त स्पॅनिश, कॅटलान असण्यापेक्षा जास्त स्पॅनिश, दोन्ही सारखेच, स्पॅनिश असण्यापेक्षा जास्त कॅटलान, फक्त कॅटलान. इतर प्रदेशांत कॅटलानच्या जागी त्यांचं नाव. प्रश्न विचारायची पद्धतच अशी आहे, यावरून समजून घ्या.

इतवारीचा_दीपस्तंभ

काका, उगाच गुंतागुंत करून राहिले तुम्ही. ७११ मध्ये अरब-बर्बर आले, ख्रिस्ती लोक आठशे वर्षं लढले, १४९२ मध्ये ग्रानादा जिंकून त्यांना हाकललं. त्या लढ्यातून स्पॅनिश राष्ट्र घडलं. एवढं सोपं आहे.

पवनचक्कीवाला

दीपस्तंभ, ही गोष्ट सोपी आहे म्हणूनच खपते. या सगळ्याला 'रेकोंकिस्ता', म्हणजे 'पुन्हा जिंकणं', म्हणून एका माळेत ओवायचं काम मुख्यतः एकोणिसाव्या शतकातलं, राष्ट्र नावाची वस्तू हवी झाली तेव्हाचं.

तपशील बघा. स्पेनचा सगळ्यात गाजलेला वीर एल सिद. कास्तिया या ख्रिस्ती राज्याच्या राजानं हद्दपार केल्यावर हा गेला कुठं, तर सारागोसाच्या मुसलमान अमिराच्या चाकरीत. तिथून ख्रिस्ती राजांशीही लढला. पुढे वालेन्सिया जिंकलं आणि १०९९ मध्ये तिथंच वारला. दुसरं, आठशे वर्षं अखंड युद्ध कुठलं? तोलेदो १०८५ ला गेलं, कोर्दोबा १२३६, सेविया १२४८. त्यानंतर उरलं एकटं ग्रानादा, ते जवळजवळ अडीचशे वर्षं टिकलं, आणि बराच काळ कास्तियाला खंडणी भरून टिकलं. नागपूरकर भोसल्यांच्या गावच्या माणसाला खंडणीचं राजकारण मी काय समजावून सांगू!

आणि जिंकणारेही एक नव्हते. कास्तिया, आरागोन, नावारा, पोर्तुगाल, सगळी वेगळी राज्यं, आपसांतही भांडणारी. १४६९ मध्ये कास्तियाची इसाबेल आणि आरागोनचा फेर्नांदो यांचं लग्न झालं म्हणजे देश एक झाला असं नाही, राजाराणी एका घरात आले इतकंच. कायदे, सभा, नाणी, कर ज्याचे त्याच्याकडे. नावारा तर १५१२ मध्ये फेर्नांदोनं फौज घालून घेतला. पोर्तुगाल १५८० ते १६४० स्पेनच्याच राजाखाली होता, मग उठून सुटला. त्याच १६४० साली कॅटलानही उठले होते. ते मात्र स्पेनमध्येच राहिले. कॅटलोनियाचं आजचं अधिकृत गीत त्याच बंडाचं आहे, आणि त्याला शब्द आहेत!

त्या काळी "आपला" कोण हे ठरलं ते धर्मावर आणि रक्तावर. ३१ मार्च १४९२ चं फर्मान निघालं: यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा नाहीतर देश सोडावा. ज्यांनी घेतला त्यांच्यामागे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं धर्मन्यायालय. तोलेदोत तर १४४९ सालीच नियम झाला होता की यहुदी रक्ताच्या माणसाला, तो ख्रिस्ती झालेला असला तरी, पालिकेचं पद नाही. १६०९ ते १६१४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या मुसलमानांच्या वंशजांना, सुमारे तीन लाख माणसांना, जहाजांत घालून बाहेर काढलं. वालेन्सियाकडे गावंच्या गावं ओस पडली, जमीन कसायला माणूस नाही. यातून राष्ट्र घडलं म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

"स्पॅनिश राष्ट्र" हा शब्द राजाला बाजूला ठेवून कायद्यात आला तो १८१२ मध्ये, कादिसच्या राज्यघटनेत. नेपोलियनची फौज देशात, शहराला वेढा, आणि आत बसून हे लोक लिहितात की दोन्ही गोलार्धांतले सगळे स्पॅनिश मिळून हे राष्ट्र. म्हणजे मेक्सिको-पेरूही त्यात! पुढच्या बारा-पंधरा वर्षांत अमेरिकेतला बहुतेक मुलूख हातचा गेला. १८९८ मध्ये क्युबा, पोर्तो रिको, फिलिपाईन्सही गेले. साम्राज्य होतं तोवर कॅटलान-बास्क कारखानदारांनाही त्यात नफा होता. ते बुडालं आणि "आपण एकत्र का?" हा प्रश्न उघड्यावर आला. कॅटलान आणि बास्क पक्षांना जोर चढला तो याच सुमाराला.

काँग्रेसनगरची_चिमणी

म्हणजे आपला वेगळा विदर्भ आणि कॅटलोनिया सारखंच की हो काका!

पवनचक्कीवाला

नाही बाई, जवळजवळ उलटं आहे. कॅटलोनिया श्रीमंत, त्यांची तक्रार अशी की आम्ही माद्रिदला देतो जास्त, मिळतं कमी. आपली तक्रार अनुशेषाची. त्यांची भाषा वेगळी, आणि १७१४ साली ११ सप्टेंबरला बार्सेलोना पडल्यावर त्यांच्या संस्था मोडल्या गेल्या, ती तारीख ते आजही पाळतात. आपल्याकडे मुंबईशी बोलायला दुभाषा लागत नाही, फक्त संयम लागतो.

तुलना करायचीच तर नावाराशी करा. १८३९ मध्ये गादीवरून पेटलेली यादवी संपली आणि १८४१ मध्ये माद्रिदशी वाटाघाटी करून कायदा झाला: नावारा राज्य म्हणून मिटलं, पण कर गोळा करायचा हक्क राहिला. आजही नावाराचा कर नावाराच वसूल करतो आणि ठरलेला वाटा माद्रिदला पाठवतो. आपला नागपूर करार १९५३ चा. त्यात काय कबूल केलं होतं ते हिवाळी अधिवेशनात विधानभवनाबाहेर मोर्चातल्या कोणालाही विचारा. फरक शाईत नाही, तिजोरीची किल्ली कोणाकडे राहिली त्यात आहे.

फ्रँकोनं बहुतेकांचे हक्क आणि भाषा दडपल्या, नावाराची ही सवलत मात्र ठेवली, कारण १९३६-३९ च्या यादवीत नावारा त्याच्या बाजूनं लढला होता. तत्त्व वगैरे काही नाही. तो १९७५ मध्ये मेला, १९७८ ला घटना आली. तिच्या दुसऱ्या कलमात एकाच वाक्यात स्पॅनिश राष्ट्राची अभेद्य एकता आहे आणि "राष्ट्रीयता व प्रदेश" यांचा स्वायत्ततेचा हक्कही. दोन्ही बाजूंना आपापला अर्धा वाचायची सोय. २०१७ ला कॅटलोनियात वेगळं होण्यावर मतदान झालं, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा ही सोय संपल्यासारखी वाटली होती.

रामदासपेठची_हौशी

मला यातलं फारसं कळत नाही, पण फ्लॅमेंको तर सगळ्या स्पेनचा ना? मी क्लास लावलाय म्हणून विचारते.

पवनचक्कीवाला

ताई, पाम्प्लोनात फ्लॅमेंको शोधायला जाल तर लोक तुम्हाला रेल्वेनं सेवियाला पाठवतील. तिथं 'होता' नावाचा नाच नाचतात. फ्लॅमेंको दक्षिणेतल्या अंदालुसियाचा, आणि त्यातही हितानो लोकांचा वाटा फार मोठा. हे हितानो म्हणजे रोमा, भाषेवरून त्यांचं मूळ आपल्याच उत्तर भारतात जातं. १४२५ मध्ये आरागोनच्या राजानं त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला प्रवासाचा परवाना दिला, ही त्यांची तिथली जुनी नोंद. १७४९ च्या जुलैत सरकारनं देशभर एकदम धरपकड करून हजारोंना पकडलं, पुरुषांना गोदीकामाला जुंपलं, बायका-पोरं वेगळी कोंडली. पुढं याच लोकांचं नाचगाणं पर्यटनाच्या पोस्टरवर "स्पेन" म्हणून छापलं, फ्रँकोच्या काळात तर जोरातच.

तुमच्या बाईंना विचारा, सेवियानास शिकवतात की बुलेरियास. सेवियानास जत्रेतला लोकनाच, लवकर जमतो. बुलेरियास असेल तर हेरेसच्या हितानो वस्त्यांकडून आलेली वस्तू आहे, ताल बारा मात्रांचा. टाळ्या आधी पक्क्या करा, पाय नंतर.