धुके पडते, उतरते की पाण्यावरून निघते?

प्रश्न : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर हिवाळ्यातील पहाटे घेतलेल्या छायाचित्रांखाली मराठी ओळी लिहावयाच्या आहेत. प्रत्येक चित्राला ‘धुके’ हाच शब्द येतो आणि त्याला ‘चादर’ किंवा ‘दुलई’ जोडली की ओळ वर्तमानपत्री होते. काही चित्रांत पाण्यालगत हातभर उंचीची पांढुरकी वाफ आहे, तर काहींत समोरचा काठही दिसत नाही. पहिल्या प्रकाराला ‘विरळ धुके’ म्हणावे, की ‘दव’ म्हटलेले चालेल?

उत्तर : ‘दव’ चालणार नाही. दव म्हणजे गवतावर, पानांवर किंवा होडीच्या फळीवर साचलेले थेंब. ते हवेत तरंगत नाही. वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत हेच थेंब गोठतात आणि बातम्यांत ‘हिमकण’ म्हणून येतात, पण तेही धुके नव्हे. ‘विरळ’ हे विशेषण चुकीचे नाही. मात्र ते केवळ किती दूरचे दिसते एवढेच सांगते. हवामानशास्त्रात दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की धुके आणि ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट धुके, अशी प्रतवारी आहे. आपल्या चित्रांतला फरक दाटपणाचा नसून उगमाचा आहे आणि मराठीत तो नामापेक्षा क्रियापदातून चांगला व्यक्त होतो.

निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता बाहेर टाकून थंड होते व तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे बारीक थेंब बनतात. हे धुके ‘पडते’. (परिभाषेत याला ‘प्रारण धुके’ म्हणता येते, रेडिएशन या शब्दामुळे कोणी ‘किरणोत्सर्गी धुके’ लिहिले, तर पर्यटक महाबळेश्वर सोडून पळतील.) तलावाचे पाणी जमिनीइतक्या लवकर थंड होत नाही, त्यामुळे काठावरची गार हवा पाण्यावर सरकली की पाण्यातून वर येणारे बाष्प तेथल्या तेथे थेंबांत बदलते. आपली हातभर वाफ ती हीच, आणि ती पाण्यावरून ‘निघते’ किंवा ‘उठते’. सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या या गावात पावसाळ्यात जे दाटते, तो बहुतेक वेळा डोंगराला टेकलेला ढगच असतो. त्याला ‘उतरणे’ शोभते.

छायाचित्रकाराला हा भेद उपयोगाचा आहे. धुक्याचे थेंब प्रकाश पुढच्या दिशेने अधिक विखुरतात, म्हणून पाण्यावरून निघणारी वाफ सूर्य समोर आणि मागे काळपट झाडी असताना उजळते. सूर्य पाठीशी घेतला तर तीच वाफ जवळजवळ दिसेनाशी होते. पडलेल्या दाट धुक्यात मात्र सावलीच उरत नाही, तरीही त्या चित्राला आपण ‘छायाचित्र’च म्हणतो, ही एक गंमतच.

दुसरे उत्तर : विदर्भ-मराठवाड्यात ‘धुई’ आणि ‘धुवारी’ हे शब्द आहेत. तुरीला फुले असताना धुवारी आली की फूलगळ होते, म्हणून शेतकऱ्याच्या तोंडी या शब्दांना काळजीची धार असते. नुसती शोभा म्हणून तलावाच्या चित्राखाली ते लिहू नयेत, असे माझे मत आहे. शेताच्या चित्राखाली अवश्य लिहावेत.

प्रश्नकर्त्याकडून : क्रियापदांचा मुद्दा पटला. आणखी एक शंका अशी की, धुके छायाचित्रात पांढरे न येता मळकट येते. त्याला ‘धूसर’ म्हणावे का?

उत्तर : त्याला ‘करडे’ किंवा ‘राखाडी’ म्हणावे. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम छटेचे आहे असे गृहीत धरते, त्यामुळे पांढरे धुके करडे पडते; एक्स्पोजर अर्ध्यापासून एक स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवले की ते पुन्हा पांढरे होते. ‘धूसर’ हा शब्द धुक्याआडच्या वस्तूसाठी राखून ठेवावा: काठ धूसर दिसतो, झाडांची रांग धूसर होत जाते. ‘अंधूक’ म्हटले की प्रकाश किंवा नजर कमी पडल्याचा बोध होतो. ‘पुसट’ हा रेषेचा गुण आहे, म्हणून पाणी आणि आकाश यांच्या मधली रेष पुसट. ‘अस्पष्ट’ मात्र चित्राखाली टाळावे, कारण वाचक फोकस चुकला असेच समजेल. आणि दाट धुक्यात ऑटोफोकस खरोखरच चाचपडतो, म्हणून जवळच्या होडीच्या कडेवर हाताने फोकस लावणे बरे.

शेवटच्या चित्रांसाठीही क्रियापद निवडावे लागेल. पाण्यावरची वाफ ‘विरते’, दाट धुके ‘ओसरते’ किंवा ‘हटते’, आणि त्यानंतर ‘निवळते’ ती हवा. धुके निवळले असेही लोक सर्रास लिहितात व ते रूढ आहे. पण निवळणे म्हणजे गढूळपणा जाऊन स्वच्छ होणे, तेव्हा काळजीपूर्वक लिहिताना मी तो शब्द हवेला आणि पाण्यालाच देईन.