मदत हवी आहे: स्वादुपिंडाचा कर्करोग, पहिली केमो निकामी, ट्रायलसाठी (नव्या औषधाची रुग्णांवरची चाचणी) नागपुरातूनच काय उरकून न्यावं?

संत्रानगरी_फिजिशियन
पुरुष, वय 57. स्वादुपिंडाच्या डोक्याकडे गाठ, यकृतात दोन डाग (22 आणि 14 मिमी). फॉलफिरिनॉक्सच्या (प्लॅटिनम असलेली मिश्र केमो) 8 सायकल झाल्या, शेवटची 19 दिवसांपूर्वी. नव्या सीटीत यकृतातले डाग वाढलेत. बिलीरुबिन (काविळीचा आकडा) 3.1, सीए 19-9 (रक्तातली या कॅन्सरची खूण) 1840. पित्तनलिकेतला प्लास्टिक स्टेंट (नळी) अडीच महिन्यांपूर्वीचा. स्वतःचं स्वतः करतो, ईसीओजी (हिंडण्याफिरण्याच्या क्षमतेची श्रेणी, 0 सर्वांत चांगली) 1. तळपायांना मुंग्या.
घरचे उद्याच विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला निघाले होते, दोन दिवस थांबा म्हटलं. इथे सेकंड लाइन (दुसऱ्या औषधांची केमो) सुरू करावी की आधी ट्रायल शोधावी? सोबत काय द्यावं?

कोऑर्डिनेटर_दक्षिण
डॉक्टर, आधी बिलीरुबिन. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दीडपट चालतं, म्हणजे साधारण 1.8. 3.1 वर स्क्रीनिंगलाच नाव कटतं. प्लास्टिक स्टेंट तीनेक महिन्यांत गाळाने तुंबतो, तुमचा त्याच वयाचा आहे. नागपुरातच ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेचं काम) करून मेटल स्टेंट टाकून घ्या आणि आठवड्याने एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) परत करा. थंडी वाजून ताप आला तर ट्रायल राहू द्या बाजूला, पित्तनलिकेचा संसर्ग आधी. अडलेल्या पित्ताने सीए 19-9 सुद्धा फुगतं, त्या 1840 वरून आत्ता काही ठरवू नका.

सेकंड लाइनचं म्हणाल तर सुई लावण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) शोधा. किती ट्रायल ‘आधी एकच लाइन झालेली’ अशी अट घालतात. एक सायकल दिली की तुमचा माणूस दोन लाइनवाला होतो. शिवाय शेवटच्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांचा वॉशआउट (औषधाविना काळ) लागतो, त्याचं घड्याळ पुन्हा शून्यावरून सुरू. शोधताना ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ हा शेरा भारतापुरता वेगळा दिलेला असतो, तोच बघा. खाली केंद्रांची यादी आणि संपर्काचा माणूस असतो. आधी फोन, मग तिकीट. नोंद उघडी आणि जागा भरलेल्या, हे नेहमीचंच आहे.
पण शोधाला दोन-अडीच आठवड्यांवर देऊ नका. या आजारात ईसीओजी 1 चा 2 व्हायला वेळ लागत नाही आणि 2 ला बहुतेक दारं बंद.

मुंग्यांची ग्रेड लिहून ठेवा. तुलनेच्या गटात नॅब-पॅक्लिटॅक्सेल (नसांना त्रास देणारी केमो) असेल तर ग्रेड 2 वर अडतं.

स्लाइडवाला
ब्लॉकचं (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) कोणी बोललं नाही. स्वादुपिंडाच्या गाठीत कॅन्सरपेक्षा तंतुमय ऊतीच जास्त. एफएनएच्या (बारीक सुईने काढलेल्या पेशींच्या) चार स्मिअरवर एनजीएस (गाठीच्या जनुकांची तपासणी) अनेकदा नापास होतं, कारण साधारण 20 टक्के तरी ट्यूमर पेशी लागतात. यकृतातल्या 22 मिमीच्या डागाची ट्रूकट (जाड सुईची) बायोप्सी त्यापेक्षा खात्रीची. मूळ ब्लॉक लॅबमधून लेखी अर्ज देऊन सोडवा. दहा-पंधरा अनस्टेन्ड (न रंगवलेल्या) स्लाइड वेगळ्या.
आणि मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, बापा! पॅराफिन 56-58 अंशांना वितळतं, बंद गाडी नागपूरच्या उन्हात ते सहज ओलांडते. मऊ पडलेल्या ब्लॉकचे नीट काप निघत नाहीत. थर्मासच्या डब्यात न्या, बर्फ नको.

संत्रानगरी_फिजिशियन
एनजीएस झालेलं नाही. रक्तातून भागेल का?

स्लाइडवाला
म्यूटेशन सापडलं तर कामाचं, न सापडलं तर निष्कर्ष काढू नका; काही गाठी डीएनए फार कमी सोडतात. साध्या ईडीटीए नळीत रक्त तासन् तास पडलं की पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए हरवतो. स्थिरक असलेली नळी मागा, फ्रिजमध्ये टाकू नका.
मागायचं काय: केरास (रास कुटुंबातलं जनुक; जी12डी, जी12सी हे त्यातल्या बदलाचे प्रकार), एमएसआय (डीएनए दुरुस्ती बिघडल्याची खूण), आणि रक्तातून जन्मजात बीआरसीए (डीएनए दुरुस्तीच्या जनुकातला दोष). या कॅन्सरमध्ये सुमारे 90 टक्के रुग्णांत केरास बदललेलं असतं, त्यात जी12डी सर्वांत जास्त. ज्यासाठी औषध आधी आलं ते जी12सी इथे जेमतेम एक-दोन टक्के. सगळ्या रास प्रकारांवर काम करणाऱ्या डॅराक्सॉनरासिबची केमोशी थेट तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची ट्रायल 2024 मध्ये सुरू झाली, म्हणून प्रकार कळणं आता नुसतं कुतूहल राहिलेलं नाही.

कोऑर्डिनेटर_दक्षिण
बीआरसीए सापडलं तरी ओलापारिबची (बीआरसीए दोष असलेल्यांसाठीची गोळी) आशा जपून दाखवा. 2019 च्या पोलो ट्रायलमध्ये ते प्लॅटिनमवर आजार आटोक्यात असलेल्यांना दिलं होतं. आजार न वाढता 7.4 महिने, प्लासिबोवर (औषध नसलेली गोळी) 3.8. एकूण आयुष्य वाढलं नाही. तुमच्या रुग्णाचा आजार प्लॅटिनमवर वाढलाय.

सीटीची फिल्म नको, सीडी द्या. मोजायला डाग 10 मिमीचा तरी हवा, तुमचे दोन्ही बसतात. बायोप्सी मात्र मोजमापाच्या एकमेव डागातून घेऊ नका. स्कॅन सहसा 28 दिवसांच्या आतला लागतो, म्हणून स्टेंट, एनजीएस उरकेपर्यंत नवा सीटी काढू नका.

घरचे विचारतील, ‘साखरेची गोळी देतील का?’ या टप्प्यावर तुलनेच्या गटाला सहसा चालू केमोच मिळते. पहिल्या टप्प्यात मात्र डोसच शोधत असतात: तिघांना द्यायचं, एकाला जड गेलं तर आणखी तिघे. हे संमतीपत्र मराठीत मागून सही करण्याआधी घरी वाचू द्या. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई 2019 च्या नियमांतच आहे. रेल्वेचं भाडं, राहणं मिळेल का, ते वेगळं विचारून घ्या.

संत्रानगरी_फिजिशियन
ईआरसीपी गुरुवारी ठरली. ब्लॉकचा अर्ज आज दिला. तिकीट रद्द.