लिग्निन पेरॉक्सिडेज: कॉलम तुंबतो, आरझेड ०.८ च्या वर जात नाही

सोरे४०८: लिग्निन पेरॉक्सिडेज (लाकडातलं लिग्निन फोडणारं एन्झाइम) शुद्ध करतोय. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी, नायट्रोजन २.४ मिलिमोलर, ट्वीन-८० (डिटर्जंट) आणि व्हेराट्रिल अल्कोहोल (एन्झाइमचा सब्स्ट्रेट) घातलेलं माध्यम, सहाव्या दिवसाचं गाळण. १० किलोडाल्टन मेम्ब्रेनवर आटवून थेट क्यू-सेफारोजच्या (आयन-एक्स्चेंज) कॉलमवर चढवलं. दाब वाढतो, आरझेड (शुद्धतेचा अंदाज: ४०८ आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणांचं गुणोत्तर) ०.८ वर अडकलाय. शिवाय अॅसेमध्ये (एन्झाइमची क्रिया मोजण्याच्या चाचणीत) ३१० नॅनोमीटरचा आलेख वीस सेकंदांत आडवा होतो. पेरॉक्साइड ४ मिलिमोलर, व्हेराट्रिल अल्कोहोल शेवटी घालतो.

तंतुजाल: कॉलमचा दोष नाही, बुरशीने सोडलेला ग्लुकानचा बुळबुळीत चिकटा आहे. आटवण्याआधी गाळण रात्रभर उणे २० ला गोठवा, ४ अंशांवर सावकाश वितळवा. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसतील. १०,००० जी वर २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा; एन्झाइम वरच्या द्रवात राहतं. मग आटवून १० मिलिमोलर सोडियम अॅसिटेट, पीएच ६.० मध्ये डायलिसिस, बफर दोनदा बदलून. उरलेलं व्हेराट्रिल अल्कोहोलही २८० ला शोषतं, त्यामुळे डायलिसिस टाळलंत तर आरझेड उगाच पडलेला दिसतो. कॉलमवर अॅसिटेट १० मिलिमोलरपासून १ मोलरपर्यंत चढवा, फ्रॅक्शन (कॉलममधून येणाऱ्या द्रवाचे भाग) ४०८ बघून गोळा करा.

हीमवेडा: अॅसेत क्रमच उलटा आहे. सब्स्ट्रेट नसताना जादा पेरॉक्साइड मिळालं की एन्झाइम कंपाउंड ३ या निष्क्रिय रूपात अडकतं आणि मरतं. (सोरे, म्हणजे एन्झाइममधल्या लोहयुक्त हीम गटाचं मुख्य शोषण-शिखर, ४०८ वरून ४१९ कडे सरकला, ५४३ आणि ५७८ ला शिखरं आली, तर हेच.) टार्ट्रेट पीएच ३.०, व्हेराट्रिल अल्कोहोल २ मिलिमोलर, एन्झाइम; पेरॉक्साइड सगळ्यात शेवटी, ०.४ मिलिमोलर. पहिल्या १०-१५ सेकंदांचा उतार घ्या. मिनिटाला वाढलेलं शोषण भागिले ९.३ म्हणजे क्युव्हेटमधली युनिट्स प्रति मिली. पेरॉक्साइडच्या बाटलीवरच्या ३० टक्क्यांवर विसंबू नका, त्याची संहती २४० नॅनोमीटरला मोजा (४३.६ प्रति मोलर प्रति सेंमी).

सोरे४०८: डायलिसिसही पीएच ३ लाच केलं तर?

हीमवेडा: नको. पीएच ३ फक्त अॅसेपुरता; तिथे एन्झाइम फार टिकत नाही.

तंतुजाल: आरझेड ३ च्या वर गेला तरी लगेच शुद्ध म्हणू नका. त्याच बुरशीच्या मँगनीज पेरॉक्सिडेज या दुसऱ्या एन्झाइमचा सोरेही ४०६ च्या आसपासच असतो. मँगनीज-मॅलोनेट, पीएच ४.५, २७० नॅनोमीटरला प्रत्येक फ्रॅक्शन तपासा. हीम मोजायचं तर पिरिडीन हीमोक्रोम: अल्कधर्मी पिरिडीन, चिमूटभर ताजं डायथायोनाइट, ५५७ ला ३४.७ प्रति मिलिमोलर प्रति सेंमी. डायथायोनाइट घातल्या घातल्या स्पेक्ट्रम घ्या, हवेने ते लगेच खलास होतं.