मदत हवी आहे: स्क्रीन रीडर दर वेळी पहिला शब्द गिळतोय

टकटक: डोकं फिरायची वेळ आलीय. स्क्रीन रीडर स्क्रीनवरचं बोलून दाखवतो, पण दर वेळी पहिला शब्द खातो. टॅब दाबला की नुसतं "बटण" ऐकू येतं, कशाचं ते नाही. काल फाइल बंद करताना "सेव्ह बटण" असं स्वच्छ ऐकू आलं, एंटर मारला आणि लिहिलेलं सगळं गेलं. बटण "डोन्ट सेव्ह" होतं! रीस्टार्ट करून झालंय, आवाज फुल आहे. उद्या काम पाठवायचंय, लवकर सांगा. "जाणकाराला दाखवा" हा सल्ला नको.

बिनमाउस: कुठला स्क्रीन रीडर? कुठली आवृत्ती? विंडोज १० की ११? स्पीकर की हेडफोन?

हौशी_दुरुस्ती: स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय त्याचा फोटो टाका, म्हणजे सांगता येईल.

टकटक: @हौशी_दुरुस्ती, स्क्रीनवर काय दिसतंय ते मला दिसत असतं तर हा धागा काढला नसता. @बिनमाउस, एनव्हीडीए, तो फुकटचा स्क्रीन रीडर. विंडोज १०. हेडफोन.

जुनं_खोड: मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय का? अपडेट झालं की विंडोज परस्पर आवाज मॉनिटरकडे वळवतं आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. माझं असंच झालं होतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, साउंड, तिथे आउटपुट डिव्हाइस बदला.

टकटक: अहो, आवाज येतोय! पहिला शब्द जातोय. वर लिहिलंय.

शिफ्ट_डी: एनव्हीडीएची की (बहुधा इन्सर्ट) धरून शिफ्ट डी दाबत राहा. दर वेळी ऑडिओ डकिंगचा पर्याय बदलतो, बंदवर थांबा. माझ्याकडे त्यानेच सगळं सुधारलं.

बिनमाउस: डकिंगने इतर प्रोग्रामचा आवाज खाली जातो, एनव्हीडीएचा स्वतःचा नाही. त्याचा इथे संबंध नाही.

शिफ्ट_डी: करून बघायला काय जातंय?

पैसे_वसूल: फुकटचं वापरलं की असंच. जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर घ्या, मी कित्येक वर्षं वापरतोय, एक शब्द गेलेला नाही.

अनुस्वार: मराठी मजकुरावर आवाज एकदम गप्प बसत असेल तर निवडलेल्या इंग्रजी आवाजाला देवनागरी येत नसते. एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस दाबून ईस्पीक एनजी हे बोलणारं इंजिन निवडा, मग व्हॉइस सेटिंग्जमध्ये मराठी. भाषा आपोआप बदलण्याचा पर्यायही तिथेच आहे.

टकटक: मराठीचं कोणी विचारलंय?

अनुस्वार: पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

बिनमाउस: तीन गोष्टी करून बघा आणि उत्तर द्या. एक, बाण दाबत न थांबता खाली गेलात तरी शब्द जातो का? दोन, मागे गाणं अगदी बारीक लावून ठेवलं तर? तीन, एनव्हीडीए बंद करून विंडोज, कंट्रोल आणि एंटरने विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, चालू करा. तोही शब्द खातो का?

टकटक: सलग बाण दाबले तर नीट बोलतो. थोडं थांबून दाबलं की गेला. गाणं चालू असताना एकही शब्द जात नाही, हे अजबच आहे. नॅरेटरही खातो.

जुनं_खोड: नॅरेटरही खातो म्हणजे विंडोजच बिघडलंय. फॉरमॅट मारा, नवीन टाका.

बिनमाउस: एका शब्दासाठी फॉरमॅट? विंडोज ठीक आहे, हेडफोन झोपतोय. टकटक, ब्लूटूथ आहे ना?

टकटक: हो, ब्लूटूथच. त्याने काय होतं?

बिनमाउस: हे आधी सांगितलं असतंत तर निम्मा धागा वाचला असता. शांतता झाली की वीज वाचवायला आवाजाचं यंत्र झोपतं. पुढचा आवाज आला की जागं होतं, पण तोवर सुरुवात निसटलेली असते. यूएसबी हेडफोन आणि मदरबोर्डवरच्या काही साउंड चिपही असंच करतात. गाणं ऐकणाऱ्याला पहिला क्षण गेल्याचं कळतही नाही. आपली पंचाईत अशी की स्क्रीन रीडर नाव आधी बोलतो आणि "बटण" मागून, म्हणजे जातं ते नेमकं कामाचं. गाणं चालू असताना यंत्र झोपतच नाही, म्हणून तेव्हा सगळं ऐकू येतं. @पैसे_वसूल, झोपलेल्या हेडफोनवर जॉजचाही शब्द जाईल. तुमचे स्पीकर वायरचे असणार.

पैसे_वसूल: वायरचेच आहेत. तरी सपोर्ट नावाची काही गोष्ट असते.

शिफ्ट_डी: एनव्हीडीए २००६ पासून चालू आहे, जगभर लोक पोटापाण्याचं काम त्यावर करतात. फुकट म्हणजे टाकाऊ नव्हे.

पैसे_वसूल: टाकाऊ कोण म्हणालं?

बिनमाउस: जॉज की एनव्हीडीए हा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर. टकटक, एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ विभागात बोलणं संपल्यावर यंत्र किती सेकंद जागं ठेवायचं हा पर्याय आहे. शून्य असेल तर वाढवा.

टकटक: ऑडिओ नावाचा विभागच नाही माझ्याकडे.

बिनमाउस: एनव्हीडीए आणि एन दाबा, हेल्पमध्ये अबाउट. आकडा सांगा.

टकटक: २०२२.४. मुद्दाम अपडेट केलं नाही, अ‍ॅड-ऑन (वरून टाकलेल्या जादा सोयी) बंद पडतात म्हणून.

अनुस्वार: तो विभाग नंतरच्या आवृत्त्यांत आलाय. दर वर्षीच्या ".१" आवृत्तीला जुने अ‍ॅड-ऑन अडतात हे खरंय. पण बहुतेकांच्या नव्या आवृत्त्या येतात. आधी नव्या आवृत्तीची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत काढून त्यात तपासा, चालू सेटअपला हात लागत नाही.

बिनमाउस: हे बरोबर. उद्याच्या कामापुरती वायरवाली इअरफोनची जोडी लावा. ती नसेल तर मागे बारीक गाणं राहू द्या.

टकटक: इअरफोन लावले. पहिला शब्द ऐकू आला! काम पाठवून झालं की पोर्टेबल करून बघतो. आता दुसरं: मीटिंग सुरू झाली की ब्लूटूथवर एनव्हीडीए विहिरीतून बोलल्यासारखा येतो आणि आवाज बारीकही होतो. हे पण झोपणंच का?

बिनमाउस: नाही, या दोन वेगळ्या भानगडी आहेत. हेडफोनचा माइक वापरात आला की ब्लूटूथ हँड्स-फ्रीवर जातं, तिथे दर्जा फोन कॉलसारखा. मीटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा किंवा वेगळा निवडा, आणि आउटपुटला "हेडफोन्स" ठेवा, "हँड्स-फ्री" लिहिलेलं नको.

टकटक: लॅपटॉप नाही, डेस्कटॉप आहे. वेगळा माइक नाही.

शिफ्ट_डी: मग यूएसबी माइक घ्या. आवाज हळू होण्याचं मी सांगतो. विंडोज आणि आर दाबा, एम-एम-एस-वाय-एस डॉट सी-पी-एल टाइप करा, कम्युनिकेशन्स टॅब. कॉल आला की इतर आवाज ८०% कमी करायचं तिथे ठरलेलं असतं. "डू नथिंग" निवडा, ओके.

टकटक: ८०% वरच होतं. बदललं. विहीर तशीच आहे, पण ऐकू तरी येतंय.

जुनं_खोड: मॉनिटरचा एचडीएमआय मात्र एकदा तपासाच.